न घासलेलं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं पिंप आहे. या, बसा. पण जरा लांब बसा, कपड्यांना काजळी लागेल आणि घरी गेल्यावर बोलणी तुम्हालाच खावी लागतील. खरं सांगायचं तर मी पिंपही अर्धंच आहे. माझा वरचा भाग छिन्नीने कापून शेळ्यांच्या आवारात पाण्यासाठी ठेवला आहे. खालचा भाग तो मी. आपली कहाणी सांगताना लोक छाती पुढे काढतात. मला ते जमायचं नाही. माझ्या कहाणीत मान खाली घालायचेच प्रसंग फार. त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग तर माझ्यामुळे घडलाच नाही, पण लाज मात्र मला आली.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो वॉल्व्हिस बे या बंदराचा धक्का आणि माझ्या पोटातलं माशाचं तेल. काय तो वास सांगू! समुद्रावरचे पक्षी माझ्यावर येऊन बसायचे आणि मासे खाणारे ते पक्षीसुद्धा नाक मुरडून उडून जायचे. तेल संपलं तसं मला कुंपणाशी लोटून दिलं. मासळीच्या कारखान्यात टिटुस नावाचा एक कामगार होता. त्याने मला मागून घेतलं, गाढवगाडीवर घातलं आणि कुइसेब नदीच्या काठी आपल्या वस्तीवर आणलं.

नदी म्हटलं म्हणून पाणी शोधू नका. आमची नदी वाळूखालून जाते. कधी काही वर्षांनी वरच्या डोंगरात पाऊस झालाच तर ती गढूळ होऊन धावत येते आणि समुद्र दिसायच्या आधीच दमून वाळूत गडप होते. तिच्या एका अंगाला वाळूचे डोंगर, दुसऱ्या अंगाला दगडगोट्यांचा माळ. पाणी म्हणायचं ते पहाटे समुद्रावरून येणाऱ्या धुक्याचं. त्या ओलीवर माळावरची दगडफुलं केशरी होतात. काळे भुंगे वाळूच्या धारेवर डोकं खाली, पाठ वर करून उभे राहतात आणि पाठीवरचा थेंब घरंगळत तोंडात आणतात. माझ्या काठावरूनही थेंब गळतात, पण मला त्यातून मिळाला तो नुसता गंज. आमची वस्ती राष्ट्रीय उद्यानाच्या, म्हणजे पार्काच्या, हद्दीत आहे. गाड्यांतून पाहुणे येतात, वाळूचे फोटो काढतात आणि "इथे काहीच नाही" असं म्हणत खूश होऊन परत जातात.

काहीच कसं नाही? नारा आहे की! नावाच्या आधी आमची माणसं टाळूला जीभ लावून टक् करतात. मला टाळू नाही, मी टण् करतो. नाऱ्याच्या झुडपाला पान म्हणून नाही, नुसते हिरवे काटे. ते वाळूचा ढीग अंगावर ओढून बसतं, आणि मूळ मात्र खाली, अगदी खाली, नदीच्या लपलेल्या पाण्यापर्यंत सोडतं. फळ लहानशा खरबुजाएवढं, तेही काटेरी. पिकलेला नारा खाल्ला की माणूस बोटं चाटतो. हिरवा खाल्ला की ओठ सुजतात, घसा जळतो, आणि ज्याने तोडला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

टिटुसने मला दारात उतरवलं तेव्हा त्याची बायको फ्रेडरिका बाहेर आली. डोक्याचा रुमाल सोडून तिने नाकाला लावला.

"हे काय हो आणलंत?"

"पिंप आहे."

"पिंप दिसतंय मला. आत काय मेलंय ते विचारतेय."

तिने मला जाळात तापवलं, राखेने घासलं, पुन्हा तापवलं. तरी पहिल्या वर्षी माझ्यात शिजलेल्या नाऱ्याला मासळीचा वास आलाच. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, "फ्रेडरिका, तुझ्या नाऱ्यात काटा लागला गं आमच्या दाताला!" ती हसायची. मला मात्र वाटायचं, वाळूने मला पोटात घ्यावं. तेव्हापासून तिने एक नेम धरला. नाऱ्याचा हंगाम आला की आधी पिंप घासायचं. राख आणि जाड वाळू घेऊन, आत वाकलेल्याला आपला चेहरा दिसेपर्यंत.

मग माझे बरे दिवस आले, आणि तेही पुष्कळ आले. गर माझ्यात ओतायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही, मंद जाळावर लांब काठीने ढवळत राहायचं. हळूहळू बिया सुटतात. मग गाळायचं, बिया वाळूवर वाळत टाकायच्या आणि रस पातळ पसरून त्याची पोळी करायची, तुमच्याकडे आंबापोळी करतात तशी. टिटुस वारला, मुलं शहरात गेली, फ्रेडरिकाचे केस पांढरे झाले आणि अवघी वस्ती तिला औमा म्हणू लागली, म्हणजे आजी. पण तिच्यासारखी नाऱ्याची पोळी कुणाला जमली नाही. लोक म्हणायचे, औमाच्या हाताला चव आहे. ती म्हणायची, "हाताला कसली चव? वाट बघायला शिका."

वाट बघण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्याकडे आईकडून आलेली एक लांब काठी होती. काठीच्या टोकाने ती फळाला नुसतं खालून टोचायची. सुटून पडलं तर पिकलं. नाही पडलं तर पुढे चालायची. झुडपाजवळ कोल्ह्याची पावलं आहेत का तेही बघायची, कारण कोल्हा हिरव्या फळाला तोंड लावत नाही. "नारा आपण तोडायचा नसतो, त्याने सुटायचं असतं," हे तिचं ठरलेलं बोलणं. आणि एक फळ कापून, चाखून बघितल्याशिवाय तिने माझ्याखाली कधी काडी पेटवली नाही.

पूर्वी कुठली झुडपं कोणत्या घराची ते ठरलेलं असायचं, आईची मुलीकडे, आजीची नातीकडे. पुढे तो धरबंध राहिला नाही. जो आधी जाईल तो तोडील. मग दुसऱ्याने नेण्याआधी आपण न्यावं म्हणून लोक हिरवी फळं ओरबाडू लागले. औमा भर वाटेत त्यांच्या गाड्या अडवायची. "पोट तुझं, जीभ तुझी, जाळून घे खुशाल! पण झुडूप तुझ्या पणजीने राखलंय, तिला काय सांगशील?" मोठमोठे बाप्ये गाडी वळवून घरी जायचे. पुढे पुढे तर लोक आधी तिला विचारायचे, "औमा, पिकलं का?" ती हो म्हणाली की सगळ्या वस्तीच्या गाड्या निघायच्या. तिच्या शब्दाला एवढी किंमत होती. मीही त्या शब्दावर फुगून असायचो, खोटं कशाला बोलू.

तिची नात लुक्रेशिया शहरात मासळीच्या कारखान्यात कामाला होती. तिथेच नदीच्या खालच्या वस्तीतला हिस्किया कामाला होता. दोघांचं जमलं. सुट्टी मिळाली की तो गाढवावर बसून औमाच्या दाराशी हजर. कधी मीठ मागायला, कधी हरवलेली शेळी शोधायला, आणि शेळी त्याच्या घरी एकही नव्हती.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," औमा म्हणायची. "अरे, आधी घरच्यांना मागणीला घेऊन ये. शेळी मग शोधू."

आमच्याकडे मागणीला मुलाकडची वडीलधारी माणसं येतात. त्यांना दाराबाहेर बसवून ठेवतात, आडवेतिडवे प्रश्न विचारतात. दोन्ही घरांच्या मनात एकमेकांबद्दल काही सल असेल तर तो त्याच दिवशी उघड बोलून मोकळा करायचा, क्षमा मागायची, त्याशिवाय लग्न पुढे जात नाही. आणि मुलीकडच्यांनी आपल्या झुडपांच्या नाऱ्याची पोळी पाहुण्यांपुढे ठेवायची. ठेवली नाही तर, या घरच्या बायकांनी काही राखलंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

मागणी डिसेंबरात ठरली. कारखान्याला सुट्टी तेव्हाच असते. पण त्या वर्षी नदी आली नव्हती, थंडीत, म्हणजे आमच्याकडे जून-जुलैत, पूर्वेचा गरम वारा दिवसच्या दिवस भाजत राहिला आणि धुकं यायचं ते पाहुण्यासारखं तोंड दाखवून जायचं. नारा मागे पडला होता. मागणीच्या दोन दिवस आधी औमा आणि लुक्रेशिया मला गाडीवर घालून झुडपांकडे गेल्या. गाढवाचं नाव मॅनेजर, कारण कामाच्या वेळी तो हमखास दिसेनासा व्हायचा.

पोहोचल्या पोहोचल्या लुक्रेशियाने बाह्या सारल्या आणि मला आडवं पाडलं. काय घासलं त्या पोरीने मला! राख झाली, वाळू झाली, पुन्हा राख. तळाच्या सांध्यात बोट घालून घालून तिने मागच्या हंगामाचा कण न् कण काढला. नखं काळी झाली, एक तर मोडलंच.

"औमा, बघ ना. दिसतोय का चेहरा?"

औमा तिच्याबरोबर माझ्यात वाकली. "दिसतोय. पण नाक तुझं टिटुसवर गेलंय बाई, त्याला माझा इलाज नाही."

दोघी खदखदून हसल्या. ते हसणं माझ्या पोटात घुमलं. आजही कुणी काठावर टिचकी मारली की मला तेच आठवतं.

मग लुक्रेशिया मॅनेजरला घेऊन लाकडं आणायला नदीच्या पात्रात गेली आणि औमा काठी घेऊन झुडपांत शिरली. मी उघड्या तोंडाने सगळं बघत होतो. तिने एका फळाला टोचलं. पडलं नाही. दुसऱ्याला टोचलं, तिसऱ्याला टोचलं. कोल्ह्याची पावलं कुठेच नव्हती. होते ते गाड्यांच्या चाकांचे ताजे माग. पलीकडच्या झुडपांची फळं कुणीतरी आधीच ओरबाडून नेली होती. देठ तुटून चीक गळत होता. औमा त्या देठांकडे बघत बराच वेळ उभी राहिली. वाट बघितली तर उद्या इथेही काही उरणार नाही, आणि मागणी परवावर आलेली.

तिने काठी वाळूत रोवली आणि दोन्ही हातांनी फळ धरून पिळलं. मित्रांनो, मला डोळे नाहीत म्हणून मिटताही आले नाहीत. ती पिळत गेली, काटे हातात रुतत होते तरी थांबली नाही. मग भराभर कापून गर माझ्यात टाकला. जन्मभराचा नेम, एक फळ चाखायचं. त्या दिवशी तिने बोट तोंडात घातलं नाही. चाखलं असतं तर कळलं असतं, आणि तिला तेच नको होतं. चहासाठी आणलेली साखर होती, ती सगळी माझ्यात रिकामी केली.

लुक्रेशिया लाकडं घेऊन आली. "अगंबाई, एवढे पिकले?"

"बघत काय उभी राहिलीस? जाळ कर," औमा म्हणाली.

मागणीच्या दिवशी हिस्कियाची माणसं आली. पुढे त्याची आत्या पेत्रिना. ही बाई बोलायला लागली की गाढवंसुद्धा कान पाडतात. सगळ्यांना रीतीप्रमाणे दाराबाहेर बसवलं.

"कोण आलंय?" आतून औमाने विचारलं.

"तहानलेली माणसं."

"नदीवर जा मग."

"तुमच्या नदीत पाणी नाही. तुमच्या घरात एक झरा आहे म्हणून ऐकलं."

"आमचा झरा तोंडाळ आहे. परवडेल का?"

"तोंडाळ असू द्या, आमच्या घरात मी आहे!" पेत्रिना म्हणाली, आणि आतबाहेर हशा पिकला. मी अंगणात चुलीवर होतो, माझ्यात रस गरम होत होता. घासून लखलखीत. वाटलं, आज माझंही सोनं झालं.

मग पोळी वाढली, वाडग्यांतून गरम रस दिला. पहिला घास सगळ्यांना गोडच लागला. साखर होती ना. दुसऱ्या घासाला एक म्हातारा खोकायला लागला. मग एकेकाचा हात गळ्याकडे गेला. पेत्रिनाने वाडगा खाली ठेवला, तिचा खालचा ओठ बघता बघता सुजला. एक मूल रडायला लागलं, "तोंड भाजलं, तोंड भाजलं!" कुणी पाण्याकडे धावलं, कुणी थुंकलं. मागणीच्या अंगणात थुंकलं, मित्रांनो.

हिरव्या नाऱ्याची शंकासुद्धा कुणाला आली नाही. औमाच्या घरात हिरवा नारा? सूर्य उलटा उगवेल एक वेळ.

"पिंप नीट घासलेलं नसणार," खोकणारा म्हातारा म्हणाला. "माशाच्या तेलाचं पिंप ना हे? वास जातो होय कधी!"

सगळे माझ्याकडे वळले. पेत्रिना उठून माझ्यापाशी आली आणि आत वाकून बघितलं. "कुणी घासलं हे?"

औमाचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. ती बोललीही.

"पिंप लुक्रेशियाने घासलं," ती म्हणाली.

एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण त्या खऱ्या वाक्याने पोरीचा घात केला. लुक्रेशियाने आजीकडे बघितलं. ती काही बोलेल म्हणून थांबली, थांबली, आणि मग घरात निघून गेली. पेत्रिना ओठाला ओलं फडकं लावून म्हणाली, "आधी पोरीला भांडी घासायला शिकवा. मग आम्ही तहानेचं बघू." गाड्या जुंपल्या आणि ती माणसं गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

उन्हं उतरल्यावर लुक्रेशिया माझ्याजवळ आली. माझ्या आत हात घालून तिने तळ चाचपला, बोटं नाकाशी नेली. पुन्हा चाचपला.

"मी घासलं होतं ना रे तुला?" तिने मला विचारलं.

वाऱ्याबरोबर वाळू आली आणि मी टण् वाजलो. दुसरं काय करणार? माझ्या आडोशाला एक हिरवं फळ लपलं होतं आणि जिने मला आरशासारखं केलं तिच्यावर बोट रोखलं गेलं होतं. त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढी मासळीच्या वासाचीही कधी वाटली नव्हती.

लुक्रेशिया सुट्टी संपायच्या आधीच शहरात परतली. मला शेळ्यांच्या आवारामागे टाकलं. शेळ्यांना मीठ-बीठ काय लागलं देव जाणे, त्या दिवसभर मला आतून चाटायच्या. एका कोंबडीने माझ्यात बसून अंडी दिली. पार्कातून जाणाऱ्या एका पाहुण्याने थांबून माझा फोटो काढला, आणि मी पहिल्यांदा देवाचे आभार मानले की माझ्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

औमाचंही बरं चाललं नव्हतं. धुकं परत आलं, नारा फुगू लागला. लोक विचारायला यायचे, "औमा, पिकलं का?" ती म्हणायची, "मला काय विचारता? डोळे नाहीत का तुम्हाला?" काठी कोपऱ्यात पडून होती. माझ्याकडे ती येत नव्हती. शेळ्यांना पाणी घालायला आली तरी माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. खाई त्याला खवखवे. हिला तर न खाताच खवखवत होतं.

आणि एक दिवस हिस्किया आला. या वेळी मीठ नाही, शेळी नाही. सरळ औमासमोर बसला. मी भिंतीपलीकडे होतो, सगळं ऐकू येत होतं.

"औमा, लुक्रेशिया माझ्याशी बोलत नाही. म्हणते, ज्या घरात मला घाणेरडी म्हणाले तिथे मी कशाला येऊ? इकडे आत्या ऐकत नाही. औमा, मी तिला कामावर बघतो हो. तिच्या टेबलावर एक खवला सापडत नाही कधी. घासलं नाही हे मला पटतच नाही." तो थोडा थांबला. "तुम्ही एकदा आत्याला सांगा ना. तुम्ही पिकलं म्हणालात तर सगळी नदी गाड्या जुंपते. तुमच्या शब्दावर आत्या नक्की ऐकेल."

औमाच्या पावलांचा आवाज दाराकडे गेला. माझ्या मनात आलं, गेली की काय उठून!

"आत्याला घेऊन ये," ती दारातूनच म्हणाली. "त्या दिवशी जी जी माणसं होती त्या सगळ्यांना घेऊन ये. मन मोकळं करायचं राहिलंय म्हणावं. आणि लुक्रेशियाला सांग, औमा पाया पडते, पण ये."

सगळे आले त्या दिवशी झुडपांजवळ वाळूवर कोल्ह्यांची पावलंच पावलं होती. औमाने काठी नुसती लावली की फळ टपकन पडत होतं. फळं गाडीत भरून ती थेट शेळ्यांच्या आवारामागे आली आणि मला लोळवत अंगणात आणलं. मला वाटलं, आता घासेल. चार लोकांत जायचं म्हणजे आंघोळ नको का? तिने मला उपडं करून आतली वाळू झटकली. तसंच चुलीवर ठेवलं, आणि बस्स.

मित्रांनो, काय सांगू माझी अवस्था! आत शेळ्यांच्या लाळेचे ओघळ, काठावर गंज, सांध्यात कोंबडीचं पीस. आणि समोर पेत्रिना, तो खोकणारा म्हातारा, सगळी मागणीची माणसं अर्धगोल करून बसलेली. लुक्रेशिया एका टोकाला उभी होती, शहरातली पिशवीसुद्धा खांद्यावरून न उतरवता.

औमा फळं कापायला लागली. एक फोड तिने तोंडात घातली, सावकाश चावली, गिळली. मग गर माझ्यात टाकायला उचलला.

"अगं, अगं! घास तरी!" पेत्रिना ओरडली.

"नाही घासणार."

"शेळ्यांनी चाटलंय ते! मला इथून दिसतंय."

"चाटलंय. कोंबडीनेही संसार केलाय त्यात. सगळ्यांनी नीट बघून घ्या."

लुक्रेशिया न राहवून पुढे झाली. तिने चुलीतली राख मुठीत घेतली. "दे औमा, मी घासते."

"हात लावायचा नाही," औमा म्हणाली. तिने पोरीची मूठ धरली. "आज तू हात लावायचा नाहीस, बाळा."

नारा शिजायला वेळ लागतो. तेवढा वेळ पेत्रिना माझ्याकडे नाक मुरडून बघत राहिली. मी मात्र जाळाने कमी आणि लाजेने जास्त तापलो होतो. दुपार कलल्यावर औमाने वाडगा भरला, फुंकून प्यायली आणि तो वाडगा पालथा करून सगळ्यांना दाखवला. मग दुसरा भरून पेत्रिनाच्या पुढे धरला.

पेत्रिनाने आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि घोट घेतला. आणखी एक घेतला. सगळे तिच्या ओठाकडे बघत होते.

"जळतंय?" औमाने विचारलं.

"नाही."

"कडू?"

"गोड आहे," पेत्रिना म्हणाली. वाडगा तिच्या हातात तसाच राहिला.

औमाने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. तिचे पांढरे केस मी पहिल्यांदाच उन्हात बघितले.

"पिंप तेच आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी चेहरा दिसेल इतकं घासलेलं होतं. आज शेळ्यांनी चाटलेलं आहे. मग त्या दिवशी तोंडं कशाने भाजली, पेत्रिना?"

 त्या दिवशी खोकलेला म्हातारा पुढे सरकून माझ्यात वाकून बघायला लागला.

"हिरवं मी तोडलं होतं. दुसरे नेतील म्हणून तोडलं. ज्याच्यासाठी जन्मभर तुमच्या गाड्या अडवल्या, तेच मी केलं. चाखलंही नाही, कळेल म्हणून. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा माझी लाज वाचवायला पोरीचं नाव पुढे केलं." ती लुक्रेशियाकडे वळली. "पिंप तू घासलं होतंस. इतकं छान कुणीच घासलं नव्हतं गं. मीसुद्धा नाही."

तिने आईची ती काठी उचलली आणि लुक्रेशियाच्या पायाशी ठेवली. "पिकलं की नाही हे यापुढे मी सांगायचं नाही."

पेत्रिना वाडगा घेऊन उठली. वाटलं, आता तोंड सोडणार. पण तिचा चेहरा पडला होता. "मी तर सगळ्या नदीभर सांगत सुटले, पोरीला भांडं घासता येत नाही म्हणून," ती म्हणाली. "आता त्याच वाटेने परत सांगत जावं लागणार." मग जरा थांबून वाडग्यात बघत म्हणाली, "पण फ्रेडरिका, एवढ्यासाठी शेळ्यांचं उष्टं पाजायलाच हवं होतं का गं मला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. लुक्रेशिया हसली नाही. काठीही उचलली नाही. ती वळून गेली आणि मला वाटलं, गेली ही, शहरातच गेली.

ती मूठभर जाड वाळू घेऊन परत आली. उरलेला रस भांड्यात काढला, मला चुलीवरून उतरवलं आणि घासायला लागली. केवढ्या रागाने घासत होती! खरखर, खरखर. डोळ्यांतून पाणी माझ्या तळात पडत होतं, तेही वाळूत मिसळून घासत होती. औमा गुडघे धरत धरत तिच्या शेजारी वाळूत बसली.  नुसते हात पुढे केले आणि माझा काठ धरला, मी लोळू नये म्हणून.

 मग लुक्रेशिया वर न बघता म्हणाली, "औमा, नीट धर ना. हलतंय."

"धरते गं," औमा म्हणाली, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मित्रांनो, ती काठी आता लुक्रेशियाकडे आहे. हंगामात हिस्कियाला, आता तो तिचा नवरा, घेऊन ती शहरातून येते, आणि झुडपांशी गेल्यावर औमा तिला विचारते, "पिकलं का गं?" कधी ती नाही म्हणते, मग दोघी रिकाम्या हातांनी परत येतात आणि मी रिकामाच राहतो. मला त्याची लाज वाटत नाही. तुमच्याही घरी जुनी भांडी असतील, काळी, पोचे आलेली. त्यांना घासूनपुसून ठेवा, आडोशाला फेकू नका. पण स्वयंपाक बिघडला तर भांड्यावर आणि ते घासणारीवर बोट ठेवण्याआधी, आपण काय तोडून आणलं ते एकदा चाखून बघा. आणि चाखायची भीती वाटली, तर समजा की उत्तर तुम्हाला माहीत आहे.